ताशापासून लॅपटॉपपर्यंत : मिरवणुकीच्या आवाजाचा इतिहास

गणेशोत्सव म्हटला की आरास, आरती आणि आवाज या तीन गोष्टी आल्याच. आरास आणि आरती यांबद्दल स्मरणिकांमधून पुष्कळ लिहून झाले आहे. आवाजाबद्दल मात्र आपण दरवर्षी फक्त वाद घालतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, डीजेने सणाचे पावित्र्य घालवले. तरुण म्हणतात, डीजे नसेल तर मिरवणुकीत येणार कोण? चाळिशी ओलांडलेले आम्ही या दोघांच्या मध्ये उभे आहोत. लहानपणी मंडपातल्या टेपमधली कॅसेट उलटी करण्याचा मान आम्ही भांडून मिळवला आहे. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅम्प्लिफायरचे सर्किट जोडून पाहिले आहे. आणि आज आमचीच मुले घरच्या लॅपटॉपवर दोन गाणी एकमेकांत मिसळताना पाहतो आहोत. म्हणून यंदा वाद थोडा बाजूला ठेवून, हा आवाज आपल्या दारापर्यंत आला कसा ते क्रमाने पाहावे, असे ठरवले.

मेळ्यांचा काळ

१८९३ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ पुण्यात उभी राहिली. मुंबईत गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा गणपतीही त्याच वर्षीचा. त्या काळच्या उत्सवाचा प्राण म्हणजे मेळे. एकसारखा पोशाख केलेली मुले, हातात टिपऱ्या किंवा लेझीम, सोबत ढोलकी आणि झांज, आणि पुराणकथेच्या आडून देशाची स्थिती सांगणारी पदे. ध्वनिवर्धक नव्हताच. चौकातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा तर गाणाऱ्यांनी एका सुरात गायचे आणि ऐकणाऱ्यांनी गप्प राहायचे, एवढाच उपाय होता. तरीही इंग्रज सरकारला या मेळ्यांचा धाक वाटला आणि १९१० च्या सुमारास त्यांची गळचेपी झाली. सरकार घाबरले ते आवाजाच्या मोठेपणाला नव्हे, पदांमधल्या शब्दांना.

आपल्यापैकी बहुतेक घरांचे मूळ खान्देशात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतली माणसे उधना-जळगाव रेल्वेमार्गाने सुरतेच्या यंत्रमागांवर आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पर्वत पाटिया या भागांत स्थिरावली. येताना त्यांनी आपले आवाजही आणले : संबळ, डफ, कानबाईची गाणी, लग्नातला बँड. खान्देशाला रथोत्सवांचीही मोठी परंपरा आहे. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. शेकडो हात तो रथ ओढतात, पण त्याला वळवण्याचे आणि थांबवण्याचे काम करतात ते चाकाखाली मोगरी लावणारे मोजके जाणकार. ही मोगरी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

सुरतेच्या आसपासही मराठी सुरावट नवी नाही. सोनगड, व्यारा, नवसारी हा सगळा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा. आणि महाराज सयाजीराव तिसरे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या राज्यात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली बडोद्याला गायनशाळा सुरू झाली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात जी संगीत-नाट्याची विद्याशाखा आहे तिचे मूळ तिथे आहे. गुजरातेत राहून मराठी माणसाने संगीताची शाळा उभी केली, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट.

परकी वाद्ये आपली कशी झाली

आता जरा त्रासदायक प्रश्न. आपण ज्यांना पारंपरिक वाद्ये म्हणतो ती खरोखर किती पारंपरिक आहेत?

बँड घ्या. क्लॅरिओनेट, कॉर्नेट, साइड ड्रम ही सगळी गोऱ्या पलटणींची वाद्ये. पलटणीतून ती संस्थानांत गेली, संस्थानांतून लग्नांत, आणि लग्नांतून गणपतीच्या मिरवणुकीत. आज खान्देशातल्या बँडवाल्याला कोणी परदेशी म्हणत नाही.

पेटी घ्या. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. पुढे कोलकात्यात तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप मिळाले. मराठी रंगभूमीने पेटी आणि ऑर्गन दोन्ही उचलले. गोविंदराव टेंबे यांची पेटी आणि बालगंधर्वांच्या नाटकांतला ऑर्गन यांवाचून त्या काळाची कल्पनाच करता येत नाही. पण याच पेटीवर आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून बंदी घातली. कारण असे की तिच्यात मींड येत नाही, तिचे सूर ठोकळेबाज आहेत, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत. जाणकारांचे आक्षेप खोटे नव्हते. तरीही कीर्तनात, भजनात, शाळेत, घरात पेटी वाजतच राहिली, आणि १९७१ साली आकाशवाणीला ती बंदी सैल करावी लागली. आज आरतीला पेटी असली की आपल्याला सोवळे वाटते!

तिसरे उदाहरण बेंजोचे. मुंबईच्या मिरवणुकांत, कोळीवाड्यांत आणि चाळींच्या उत्सवांत ज्याच्या तालावर दोन पिढ्या नाचल्या ते हे वाद्य मुळात जपानी. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते बनवले. भारतात त्याला बुलबुलतरंग हे गोड नाव मिळाले, आणि मुंबईच्या कामगारांनी त्याला वीज जोडून बेंजो केले. ढोल, ताशा, पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असा बेंजो पार्टीचा संच होत गेला. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटच काढला.

एवढेच कशाला, पुण्याची शिस्तबद्ध ढोल-ताशा पथके, ज्यांना आज आपण परंपरेचा मानबिंदू समजतो, त्यांचे आजचे रूप ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांमधून साधारण १९७० च्या दशकात आकाराला आले. ढोल जुना, ताशा जुना, पण एका रंगाचा कुर्ता घालून शेकडो मुला-मुलींनी तालीम करून वाजवण्याची पद्धत आपल्या वडिलांच्या तरुणपणीची.

तेव्हा 'यंत्र परके आहे' हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. पेटीवर जे बोलले गेले तेच आज लॅपटॉपवर बोलले जाते. आपला समाज वाद्य स्वीकारतो, वाकवतो आणि आपले करून घेतो. याबाबतीत तरुणांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे.

भोंगा आला, हात मोकळा झाला

पण इतिहासाची दुसरी बाजू ज्येष्ठांच्या बाजूने बोलते.

१९१५ साली अमेरिकेत प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी मोठ्या जनसमुदायाला ऐकू जाईल असा ध्वनिवर्धक करून दाखवला. हा भोंगा आपल्याकडे सभांतून आणि मग उत्सवांतून रुळला. त्याबरोबर मंडपात तबकडी आली. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजायची. ती संपली की रेकॉर्डवाल्याने उठायचे, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. दर तीन मिनिटांनी गल्लीला श्वास मिळायचा. लाँग प्ले आली तेव्हा ही वेळ वीस मिनिटांवर गेली.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला १९८० च्या दशकात. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते घरोघरी आणि मंडपोमंडपी पोहोचली ती कॅसेटमुळेच. नव्वद मिनिटांची कॅसेट एका बाजूला पाऊण तास चालायची. लावणारा निवांत चहा पिऊन यायचा. मग सीडी आली, मग एमपी३ आली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एका तबकडीवर शंभर-दीडशे गाणी मावू लागली. आज लॅपटॉपला दिलेली यादी आठवडाभर न थांबता वाजू शकते.

इथे खरा बदल झाला आहे. ढोल वाजवणाऱ्याचे खांदे दुखतात. ताशेवाल्याच्या बोटांना फोड येतात. क्लॅरिओनेटवाल्याला दम लागतो. म्हणून वाजप थांबते, पाणी प्यायले जाते, मिरवणूक जरा शांत होते, लेकरू झोपते. आवाजाची मर्यादा माणसाच्या देहातच होती, ती कोणी ठरवावी लागत नव्हती. यंत्राला देह नाही. ढोल थकतो, लॅपटॉप थकत नाही. सव्वाशे वर्षांत परके वाद्य आले याने बिघडले नाही. थांबायला लावणारे जे काही होते ते हळूहळू नाहीसे झाले, आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही, याने बिघडले.

विजेचे संगीत आणि आपला गुजरात

विजेवर तयार होणारे संगीत हे सगळे गोऱ्यांचे खूळ, असा एक समज आहे. तो दुरुस्त करायला फार दूर जायला नको. आपल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडून एक स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला. त्यामागे गीता साराभाई यांची धडपड होती. याच गीताबेननी १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. एनआयडीच्या स्टुडिओत गीताबेनबरोबर अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी प्रयोग केले. त्या फिती पुढे कपाटात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या, आणि २०२३ साली त्यांतली निवडक मुद्रणे जगापुढे आली.

दुसरी गोष्ट मुंबईची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रे वापरून दहा रागांची एक तबकडी केली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचे यंत्र. राग भैरवापासून सगळे यंत्राच्या ठेक्यावर. तेव्हा तिला कोणी विचारले नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या मुलांनी त्याच टीबी-३०३ वर जे संगीत केले त्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जगभर डोक्यावर घेतले गेले. २०१० साली ती जुनी तबकडी पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले की हा सरदारजी पाच वर्षे आधीच तिथे पोहोचला होता. म्हातारपणी त्यांना परदेशांतून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

तिसरी गोष्ट आपल्या शेजाऱ्यांची. १९८० च्या दशकात बाबला यांच्या वाद्यवृंदाने डिस्को दांडिया लोकप्रिय केला आणि नवरात्रीचा गरबा कीबोर्ड, ड्रम मशीन आणि ऑक्टोपॅडवर आला. गुजराती समाजाने आपली जुनी गरब्याची पदे सोडली नाहीत, त्यांखालचा ठेका बदलला. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातली टिमलीही अशीच कीबोर्डवर चढली. आणि आपल्या अहिराणीचे काय? पाठ्यपुस्तकात जिला जागा मिळाली नाही ती आपली बोली आज कानबाईच्या मिरवणुकीत आणि हळदीच्या कार्यक्रमात लॅपटॉपवर बांधलेल्या ठेक्यावर गाजते आहे. सुरतेत जन्मलेली, शाळेत गुजराती शिकलेली मुले अहिराणी शब्द तोंडपाठ म्हणतात ती या गाण्यांमुळे. डीजेला नावे ठेवताना ही जमेची बाजू विसरून चालणार नाही.

डीजे म्हणजे माणूस की ट्रक?

डीजे हा शब्द डिस्क जॉकी याचे लघुरूप. तबकड्या वाजवणारा माणूस. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली. दोन तबकडीयंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन प्रती लावून नाचायला चांगला असलेला तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवण्याची त्याची युक्ती प्रसिद्ध झाली आणि त्यातून हिप-हॉप जन्माला आले. त्याच सुमारास, १९७२ साली, जपानमध्ये टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र निघाले होते. वेग कमी-जास्त करणारी पट्टी असलेली त्याची पुढची आवृत्ती जगभरच्या डीजेंची पेटी-तबला ठरली. एका गाण्याचा वेग हाताने दुसऱ्याशी जुळवायचा, कानाला हेडफोन लावून, ही खरी तालीम होती.

२००१ च्या आसपास चित्र पालटले. पायोनियरचे सीडीजे-१००० आले, बर्लिनचे ट्रॅक्टर आणि एबलटन लाइव्ह आले, २००३ मध्ये व्हर्च्युअल डीजे आणि २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोचे पहिले रूप आले. त्याआधीच बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स तयार झाले होते, ज्याला आपली मुले आज एफएल स्टुडिओ म्हणून ओळखतात. खान्देशातल्या आणि सुरतेतल्या कितीतरी रीमिक्स करणाऱ्यांची ही शाळा. तबकड्यांची पेटी वाहून न्यायला जिथे दोन माणसे लागायची तिथे एक पिशवी पुरू लागली.

आपल्याकडे मात्र या शब्दाचा अर्थच बदलला. आपण डीजे म्हणतो तेव्हा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. येतो तो ट्रक, त्यावरची बेस आणि टॉपची भिंत, जनरेटर आणि डोळे दिपवणारे दिवे. सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. 'डीजे नको' म्हणणाऱ्याला बहुधा ती भिंत नको असते, आणि 'डीजे हवा' म्हणणाऱ्याला बहुधा नाचायला चांगली गाणी हवी असतात. या दोन मागण्यांचे एकमेकींशी वैर नाही.

लॅपटॉपवर वाजवणाऱ्याने नुसते बटण दाबले की झाले, असेही म्हटले जाते. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारे 'सिंक' बटण असते, हे खरे. त्यामुळे हाताची तालीम कमी झाली, हेही खरे. पण कोणते गाणे कधी लावायचे, गर्दी दमली की ठेका कधी उतरवायचा, बायका आणि लहान मुले पुढे आली की काय लावायचे, हे कोणतेही बटण सांगत नाही. तमाशातला ढोलकीवाला नाचणारीच्या पायाकडे पाहून बोल काढतो. चांगला डीजे गर्दीकडे पाहून तेच करतो. जो मान खाली घालून पडद्याकडेच पाहत राहतो तो साउंडवाला असेल, वादक नव्हे. हे आमचे स्पष्ट मत आहे.

वाजवणाऱ्या मुलांसाठी चार गोष्टी

आमच्या वस्तीतली बरीच मुले आता हे शिकत आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे.

मिरवणुकीच्या आधी लॅपटॉपचे वायफाय, अपडेट आणि सूचनांचे आवाज बंद करावेत. गाणी यूट्यूबवरून कशीही उतरवून घेऊ नयेत. १२८ किलोबिटचे एमपी३ घरच्या स्पीकरवर चालून जाते, मोठ्या संचावर त्याची झांज चिरकते. ३२० किलोबिटची प्रत ठेवावी. सगळी गाणी एका पेनड्राइव्हवर वेगळी असावीत, कारण सप्टेंबरच्या पावसात आणि जनरेटरच्या विजेवर लॅपटॉप कधी दगा देईल सांगता येत नाही. उन्हात यंत्र तापते, त्याच्या पंख्याची जाळी झाकू नये.

साउंड कार्डचे बफर २५६ ठेवले तर ४४,१०० च्या गतीने साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर होतो. हाताला तो जाणवत नाही. फार कमी ठेवले तर आवाज तुटतो. उलट मिरवणुकीत शंभर मीटर मागे असलेल्या माणसाला आवाज पोहोचायला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. म्हणून मागचे लोक ठेका चुकतात असे वाटले तरी दोष त्यांचा नसतो, आणि आवाज वाढवल्याने तो उशीर कमीही होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिक्सरवरचा लाल दिवा. तो लागला म्हणजे आवाज मोठा झाला असे नव्हे, तर आवाजाची लाट वरून-खालून कापली गेली. हा कापलेला आवाज स्पीकर जाळतो आणि कानाला जास्त टोचतो. स्वच्छ आवाज लहान असला तरी भरलेला वाटतो. चांगला कारागीर हिरव्या-पिवळ्यात राहतो.

कानाचा हिशेब

आता आकडे. डेसिबलचे गणित साधे वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट. कामाच्या जागी ८५ डेसिबलमध्ये रोज आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी करावी, असा अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. स्पीकरच्या भिंतीजवळ शंभरी सहज ओलांडली जाते. न्यायाने हेही सांगायला हवे की मोठे ढोल पथकही जवळून शंभरीच्या पुढे जाते. फरक एवढाच की ते थकते.

आपल्या वस्तीसाठी हा हिशेब जास्त कडक आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि आपल्या घरांतली कित्येक माणसे तिथे बारा-बारा तासांची पाळी करत आली आहेत. खटखटाटात उमेद घालवलेले आजोबा घरात मोठ्याने बोलतात, टीव्ही मोठा लावतात, नातवाचे हळू बोलणे त्यांना ऐकू येत नाही. कारखान्याने त्यांच्या कानाचा वाटा आधीच खाल्ला आहे. आज जो तरुण पाळी संपवून थेट मिरवणुकीत येतो त्याच्या कानाची दिवसाची शिल्लक शून्य झालेली असते. त्याला आपण भिंतीसमोर तीन तास नाचवतो. हे कोणत्या संस्कृतीच्या नावाने करायचे?

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रुग्णालये-शाळा-न्यायालये यांच्या भोवतालच्या शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम काटेकोर पाळण्याचे आदेश दिले आणि दुसऱ्याला आवाज ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कोणालाही नाही, असा त्याचा गाभा आहे. आम्ही सरकारी नोकरीत असल्याने नियम सांगतो असे कोणी समजू नये. ज्या घरात नुकतेच बाळ जन्मले आहे किंवा कोणी आजारी आहे त्या घराला हा नियम आपल्याच माणसांनी पाळून दाखवावा लागतो. पोलिसांनी येऊन आवाज बंद करावा ही मंडळाला शोभणारी गोष्ट नाही.

मोगरी कोणाच्या हातात?

इथे खान्देशच्या रथाची मोगरी आठवावी. रथ ओढणारे हात हजार असले तरी चालतात. मोगरीवाला मात्र जाणता लागतो, आणि त्याने थांब म्हटले की सगळे थांबतात. त्याच्याशी कोणी हुज्जत घालत नाही. आपल्या ट्रकवर लॅपटॉप आला, भिंत आली, पण मोगरीवाला आला नाही. तरुणांचा लॅपटॉप आणि ज्येष्ठांची मर्यादा या दोन्ही गोष्टी एका मिरवणुकीत बसवायच्या तर हे काम कोणाकडे तरी सोपवावेच लागेल.

आमची सूचना साधी आहे. मंडळाने एका जबाबदार माणसाकडे मुख्य आवाजाची पट्टी द्यावी. डीजे वाजवणारा वेगळा, पट्टी सांभाळणारा वेगळा. लिमिटर नावाचे उपकरण ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊच देत नाही, ते लावून कुलूप घालावे. मोबाइलवरचा आवाज मोजणारा मीटर अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे यंत्र बंद ठेवावे आणि त्या वेळात टाळ, झांज किंवा नुसता जयघोष चालावा. जुन्या तबकडीने जो श्वास दिला होता तो आपण ठरवून द्यायचा. कृत्रिम तळ्यापर्यंतची वाट असो किंवा मोठ्या मूर्तीची हजिरा-डुमसच्या किनाऱ्यापर्यंतची लांबची वाट, दवाखाना आला की पट्टी शून्यावर.

आणि मुलांना आणखी एक काम द्यावे. आपल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, लग्नातली अहिराणी गाणी अजून येतात. ती फोनवर नीट, शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि त्यांखाली आपला ठेका बांधावा. एनआयडीच्या फिती कपाटात पन्नास वर्षे पडल्या तरी सापडल्या. आज्यांचा आवाज कपाटात नसतो, तो माणसाबरोबर जातो. ज्या लॅपटॉपला आपण नावे ठेवतो तोच हा आवाज राखू शकतो. तशी एखादी ओवी आमच्या मिरवणुकीत वाजली, तर ती ऐकायला पहिल्या रांगेत आजी उभ्या राहतील आणि मागे नातवंडे नाचतील.

गणरायाचे एक नाव शूर्पकर्ण आहे. सुपासारखे कान असलेला. सूप दाणे ठेवते आणि फोलपट उडवून लावते, असा त्याचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितला आहे. जुने म्हणून सगळे ठेवायचे नाही आणि नवे म्हणून सगळे उडवायचे नाही, पाखडून घ्यायचे. ज्याच्यासाठी ही मिरवणूक निघते त्याचेच कान एवढे मोठे आहेत. त्याला ऐकू जावे म्हणून आवाज वाढवण्याची गरज कधीच नव्हती.

गणपती बाप्पा मोरया!